पाण्याशेजारची फळी

बाथरूममध्ये लाकूड लावायचं नाही, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. फ्लॅटचं काम काढलं की कॉन्ट्रॅक्टर तेच सांगतो, वरच्या मजल्यावरच्या काकू तेच सांगतात आणि टाइल्सच्या दुकानात तर विषयच काढू देत नाहीत. ग्रॅनाइटची पट्टी बसवा, काचेची फळी घ्या, अगदीच नाही तर प्लॅस्टिकचं कोपऱ्यातलं स्टँड आहेच. मला हे कधी पटलेलं नाही. या किनारपट्टीवर माणसांनी सागवानाच्या दारा-खिडक्यांवर पिढ्यान्पिढ्या चार-चार महिन्यांचा पाऊस झेलला, लाकडाच्या होड्या खाडीत घातल्या. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी ब्रिटिश आरमारासाठी ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज बांधलं, तेही सागवानात. तिकडे ओकचा तुटवडा होता म्हणून काम इकडे आलं होतं. दुरुस्त्या होत होत ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. तेव्हा सागवानाला पाणी सोसत नाही, असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेत नाही.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमधलं बाथरूम चार फूट बाय सहा फूट. त्यात बादली, गीझर, काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी आणि आईचं स्टूल. आई बसून अंघोळ करते. शिकेकाईचा डबा, खोबरेल तेल, साबण, तिचा चष्मा या सगळ्याला हाताशी जागा हवी होती. आणि तिच्या खांद्याच्या आसपास लोखंडी ब्रॅकेटचा एकही कोपरा नको होता. म्हणून फळी ठरली ती खालून आधार न दिसणारी, भिंतीतून थेट बाहेर आलेली. दुकानदार जिला फ्लोटिंग शेल्फ म्हणतात ती. दिसायला ती छान दिसते हे खरंच, पण मला तिचं कौतुक वेगळ्या कारणासाठी आहे. तिच्या खालून हात सरळ फिरतो. बाथरूममध्ये जिथे हात पोचत नाही तिथे बुळबुळीत थर साचतो, आणि ब्रॅकेटच्या सांध्यात तो हमखास साचतो.

आईला काही हे मान्य नव्हतं. “अगं, वर्षभरात कुजेल ती.”

“नाही कुजणार, आई.”

“मग फुगेल.”

फुगेल, हे मात्र खरं होतं, आणि सगळी आखणी त्या फुगण्याभोवतीच करावी लागली.

लाकूड भिजल्याने कुजत नाही, ओलं राहिल्याने कुजतं. कुजवते ती बुरशी, आणि तिला जगायला लाकडात पुरेसं पाणी लागतं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली पाणी राहिलं तर तिचं फारसं काही चालत नाही. आता ठाण्याचा जुलै डोळ्यांसमोर आणा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट. अशा हवेत नुसतं ठेवलेलं लाकूडसुद्धा हवेतलं पाणी ओढून १७-१८ टक्क्यांवर स्थिरावतं. म्हणजे पावसाळ्यात आपल्या हातात उरतात जेमतेम दोन-तीन टक्के. अंघोळीचं पाणी फळीवर उडालं की तो आकडा ओलांडला जाणारच. प्रश्न इतकाच की पाणी तिथून किती लवकर निघून जातं. फळीच्या मागे, खाली, भोकांमध्ये, स्क्रूच्या डोक्याभोवती ते अडकून बसलं तर सागवान असो की खास पाण्यासाठी बनवलेला मरीन प्लाय, काही खरं नाही.

लाकूड आणायला आमचे सुतारकाका आणि मी कळव्याच्या बाजूच्या एका वखारीत गेलो. काका मूळचे राजापूरकडचे; बोलणं कमी, बघणं जास्त. तिथे पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड एका बाजूला रचून ठेवलेलं होतं. तुळया, चौकटी, जिन्याच्या बाजूपट्ट्या. ठाण्यात सध्या इतकी जुनी घरं पुनर्विकासाला जातायत की या ढिगाला तोटा नाही. एका तुळईच्या टोकाला काकांनी पटाशीने जरासा छिलका काढला आणि माझ्या हातावर ठेवला. बाहेरून राखाडी, मातकट दिसणारं ते लाकूड आतून मधासारखं होतं. छिलका बोटांत चोळला तर किंचित तेलकट लागला आणि सागाचा तो कातड्याच्या जवळ जाणारा वास आला. ते तेल आणि गाभ्यातली काही रसायनं यांच्यामुळेच सागवानाला वाळवी लवकर लागत नाही. पण हा गुण फक्त गाभ्याचा. सालीलगतच्या फिकट, पांढरट लाकडात तो नसतो, आणि स्वस्तात मिळणाऱ्या नव्या सागवानात हे पांढरं बरंच असतं. बाथरूमसाठी ते घेऊच नये.

काकांनी मग तुळईचा माथा बघितला. माथा म्हणजे करवतीने कापलेलं टोक, जिथे खोडाची वर्तुळं दिसतात. “ताई, ह्या रेषा उभ्या येतील अशी फळी काढायची. आडव्या आल्या तर ती वळणार.” यामागचं कारण असं की लाकूड लांबीत जवळपास फुगतच नाही, ते रुंदीत फुगतं, आणि वर्तुळांच्या दिशेने जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे फुगतं. उभ्या रेषांची फळी म्हणूनच शांत राहते. आम्हाला हवी होती दोन फूट लांब, सात इंच रुंद, चौदा सूत जाड. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारकामात मिलिमीटर आला तरी सूत काही गेलेलं नाही. घनफुटाच्या भावात हे जेमतेम सहावा हिस्सा भरतं, त्यामुळे सागवान परवडत नाही ही तक्रार एका फळीपुरती तरी टिकत नाही. कापायच्या आधी काकांनी तुळईवरून चुंबक फिरवून मोडके खिळे शोधले. जुन्या लाकडात हे केलंच पाहिजे. रंध्याचं पातं एका खिळ्याने जातं, आणि सागवानात मुळातच वाळूसारखा सिलिका असल्याने पात्याची धार लवकर मरते.

घरी रंधा मारला, गुण्या लावून कडा काटकोनात आणल्या, ऐंशी, एकशेवीस आणि दोनशेवीस नंबरचे कागद मारले. समोरच्या कडेची धार मोडून गोलाई दिली. हे सगळं सुखाचं काम.

खरा विचार लागला तो आतल्या सांगाड्याला. फळी भिंतीला धरून ठेवते ती एक स्टीलची पट्टी. तिच्यावर काटकोनात वेल्ड केलेल्या गजांवर, मागून भोकं पाडलेली फळी बाहेरून सरकवायची. वागळे इस्टेटमध्ये हे करून देणारे वेल्डिंगवाले गल्लोगल्ली सापडतात. आमची पट्टी ३२ मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड, त्यावर बारा मिलिमीटरचे तीन गज. स्टील ३०४ नंबरचंच मागितलं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, ते दमट जागी लवकर डागाळतं. पुष्कळ जण चुंबक लावून खरं-खोटं ठरवतात, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. बिलावर नंबर लिहून घेणं बरं. वेल्डिंगच्या जागी जो निळा-तपकिरी डाग पडतो तोही पेस्ट लावून साफ करून घ्यायचा, कारण स्टेनलेसला गंज पहिला तिथूनच धरतो.

गजांच्या दिशेत एक सुंदर गोष्ट आहे, जी मला हे काम करताना नीट कळली. गज फळीत मागून पुढे, म्हणजे रुंदीच्या दिशेने जातात. फळी पावसाळ्यात फुगते ती रुंदीतच, म्हणजे गजांच्या लांबीवर ती नुसती पुढे-मागे सरकते. सात इंचांत दीड-दोन मिलिमीटर, फार तर. आणि दोन गजांमधलं अंतर मोजायचं ते फळीच्या लांबीत, जिथे लाकूड हलतच नाही. त्यामुळे भोकं आणि गज एकमेकांना कधीच ओढत नाहीत. फळी पुढे निसटू नये म्हणून खालून, अगदी मागच्या कडेशी, मधल्या गजात एकच छोटा स्क्रू. तेवढा एक बिंदू पक्का, बाकीचं लाकूड मोकळं. इथे गजांना एपॉक्सीने चिकटवून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. बांधून ठेवलेलं लाकूड फुगायला जागा मिळाली नाही की भेग पाडून ती करून घेतं.

आता वजनाचं. फळी स्वतः तीन किलोची, वर पाच किलोचं सामान धरलं तर आठ. आठ किलो ऐकायला काहीच वाटत नाही. पण ते वजन भिंतीपासून सरासरी नऊ सेंटीमीटर दूर आहे, आणि त्याला मागे धरणारे स्क्रू पट्टीच्या खालच्या कडेपासून, म्हणजे जिथे ती भिंतीला टेकते तिथपासून, केवळ दोन सेंटीमीटर वर आहेत. आठ गुणिले नऊ, भागिले दोन: स्क्रूंवर एकूण ओढ छत्तीस किलोची. चार स्क्रूंनी ती सहज पेलते. पण कुणी फळीच्या पुढच्या कडेवर तीस किलोचा भार टाकून उठायचा प्रयत्न केला तर तोच हिशेब दोनशे सत्तर किलोवर जातो.

हा आकडा काढला तेव्हा मी फळीची ठरलेली जागाच बदलली. ओल्या फरशीवर पाय सटकला की हात जवळच्या वस्तूकडे जातो, आणि म्हातारं माणूस स्टुलावरून उठताना तर हात जातोच. आईचा हात नेमका कुठे जातो ते मी तिला कोरड्या बाथरूममध्ये उठ-बस करायला लावून पाहिलं. तिथे मी स्टीलची आधाराची दांडी वेगळी लावली, तिच्या स्वतंत्र भक्कम स्क्रूंवर. फळी आली दुसऱ्या भिंतीवर, तिने बसून हात लांब केला की पोचेल अशी, पण रेटा देऊन उठता येणार नाही अशी. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: फळी नंतर बसवा, दांडी आधी.

भिंत हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. टाइल लागली की भिंती सगळ्या सारख्या दिसतात, पण आत काय आहे यावर सगळं अवलंबून. आमच्या भिंतीवर टाइल्स लागण्याआधी, पाइप उघडे असताना मी मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवले होते. त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. ज्यांच्याकडे असे फोटो नसतील त्यांनी एवढं तरी पाळावं: नळ, मिक्सर, अँगल कॉक आणि गीझरचे पॉइंट यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवं कुठेही ड्रिल चालवायचं नाही. गीझरच्या वायरीची नळीही बहुधा अशीच सरळ रेषेत गेलेली असते.

उंचीची रेघ काकांनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढली. पाणसळ त्यांच्या पिशवीत होती, पण दोन टोकांना पाणी एका पातळीत आलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. मग टाइलवर चिकटपट्टी लावून तिच्यावर खुणा केल्या, म्हणजे बिट गुळगुळीत ग्लेझवरून घसरत नाही. टाइलच्या कडेपासून इंचभर आत राहायचं. सुरुवातीला ड्रिलचं हॅमर बंद, भाल्याच्या टोकासारखं टाइलचं बिट, वेग कमी, आणि एका हाताने थेंब-थेंब पाणी. काका म्हणाले, “घाई नको ताई, टाइल स्वतःच सांगते कधी सुटली ते.” आणि खरंच, बारीक कर्कश आवाज करत असलेलं बिट एका क्षणी मऊ आवाजात आत गेलं. तिथे थांबून बिट बदललं, आता साधं भिंतीचं, हॅमर चालू.

भोकाखाली मी कागदाची घडी चिकटवून ठेवली होती. तिच्यात पहिली पडली ती टाइलची पांढरी भुकटी, मग प्लास्टरची करडी, आणि मग एकदम लाल. लाल म्हणजे वीट. भोक या लालमध्ये निदान दोन इंच गेलं पाहिजे, कारण गिट्टीने, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवतात त्या नायलॉनच्या खुंटीने, पकडायचं ते विटेत; टाइल आणि प्लास्टर यांचा भरवसा नाही. पुष्कळ फळ्या खाली येतात त्या गिट्टी प्लास्टरमध्येच राहिल्यामुळे, आणि मग दोष लाकडाला मिळतो. करडी भुकटी संपतच नसेल आणि बिट किंचाळत असेल तर आत काँक्रीट आहे, तिथे सळई लागू शकते. आणि बिट जोर न लावता भसकन आत गेलं, भुकटी फिकट पिठासारखी आली, तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ठोकळा. त्यात साधी गिट्टी आज घट्ट वाटते आणि काही दिवसांनी फिरायला लागते. त्यासाठी वेगळे अँकर मिळतात, तेच वापरायचे.

या नायलॉनच्या गिट्टीचा मला आदर आहे. १९५८ साली आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने ती तयार केली. त्याआधी आपल्याकडे भिंतीत खाच करून लाकडाची गिट्टी ठोकत आणि तिच्यात स्क्रू पिळत. जुन्या घरांत स्विचबोर्डामागे त्या अजून सापडतात. स्क्रू जसजसा आत जातो तशी नायलॉनची गिट्टी फुलते आणि विटेला आतून दाबून धरते. पण त्यासाठी भोक स्वच्छ हवं. आम्ही प्रत्येक भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने ओढून काढली, मग भोकात सिलिकॉन भरलं आणि त्यावर गिट्टी बसवली. टाइलला भोक पाडलं म्हणजे पाण्याला भिंतीत शिरायची वाट झाली. ती तिथल्या तिथे बुजवायची.

सिलिकॉन तेवढंच. फळी बसल्यावर फळी आणि टाइल यांच्यामध्ये सगळीकडून सिलिकॉनची रेघ ओढतात, ते मी करू दिलं नाही. स्टीलची पट्टी पाच मिलिमीटरची, त्यामुळे फळीच्या मागे तेवढीच फट आपोआप राहते. वरून पाहिलं तर एक काळी रेघ दिसते, पुढून काहीच दिसत नाही. सांडलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं आणि मागून हवा खेळते. ती बुजवली असती तर पाणी आत जायचं थांबलं नसतंच, फक्त बाहेर यायचं थांबलं असतं. फळीच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून अर्ध्या इंचावर, एक सूत खोल खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत मारली. खिडकीवरच्या छज्ज्याच्या पोटाशी गवंडी मारतो तीच. कडेवरून वळलेला थेंब फळीच्या पोटाने मागे भिंतीकडे पळतो. खाच आली की तिथेच खाली पडतो आणि स्टीलपर्यंत पोचत नाही.

पॉलिशवरून काकांचा आणि माझा मतभेद झाला. त्यांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, हवं होतं: चकचकीत, काचेसारखं, आणि गिऱ्हाईक खूश. लाखेच्या पॉलिशला ते स्वतःच नाही म्हणाले, कारण पाणी लागलं की ती पांढरी पडते. पीयू चांगलंच असतं, पण त्याचा थर असतो. बाटली आपटून कुठे एक टवका उडाला की पाणी थराखाली शिरतं आणि तिथेच राहतं. मग काळा डाग पसरत जातो आणि सगळी फळी खरवडून काढावी लागते. तेलाला असा थर नसतो. पाणी थोडं आत जातं, पण तसंच बाहेरही येतं, आणि डाग पडला तर तेवढ्याच जागी कागद मारून पुन्हा तेल लावता येतं. मी टंग ऑइल घेतलं, टंग नावाच्या झाडाच्या बियांचं. जवसाचं तेल बाथरूममध्ये नको, त्याच्यावर बुरशी लवकर धरते. आणि एक सांगून ठेवते, कारण हे फार जणांना माहीत नसतं: अशा तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाकायची.

सागवानाच्या स्वतःच्या तेलामुळे वरचं तेल नीट धरत नाही, म्हणून आधी थिनरने फळी पुसून घेतली. मग पातळ हात, मध्ये वाळायला भरपूर वेळ, सहाही बाजूंना सारखे. मागची बाजू आणि दोन्ही माथे यांना जास्तच, कारण लाकूड पाणी पितं ते सर्वात जास्त माथ्यातून. गजांच्या भोकांतसुद्धा काडीला कापूस गुंडाळून तेल फिरवलं. काका बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “हे मात्र मी कुणाच्या घरी केलं नव्हतं.” त्यांच्या तोंडून हे ऐकून मला खूप बरं वाटलं.

फळी गजांवर सरकवली तेव्हा हाताच्या तळव्याने दोन थापा पुरल्या. आता तिच्यावर काही नियम आहेत, आणि आईच ते माझ्यापेक्षा कडक पाळते. ओला साबण लाकडावर नाही, जाळीच्या डबीत. अंघोळीनंतर फडकं एकदा फिरवायचं. दार लोटलेलं, खिडकीच्या पट्ट्या उघड्या, पावसाळ्यात एक्झॉस्ट जरा जास्त वेळ. मे महिन्याच्या अखेरीला, हवा दमट व्हायच्या आधी, वरचं सामान काढून तेलाचा एक हात.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीलाही आता अशीच फळी हवी आहे, याच मापाची. तिला मी माप सांगितलेलं नाही. तिच्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आहेत की एएसी ब्लॉकच्या, हे तिला ठाऊक नाही, आणि स्टीलची पट्टी किती रुंद करायची, स्क्रू किती आणि कुठले, हे सगळं त्यावरच ठरणार. टॉवेलच्या दांडीचा एक स्क्रू आधीच लागलेला आहे. तो काढून आतली भुकटी पांढऱ्या कागदावर घे आणि दिवसाउजेडी फोटो पाठव, असं तिला सांगितलंय. वखारीत त्यानंतर जाऊ.